मागचं एक पान

विनया गेल्याचं कळलं त्या दुपारी तिचा नवरा चंद्रकांत जयपूरच्या जवाहर नगरातल्या घरी मटार सोलत बसला होता. तिच्या लॉ कॉलेजातून फोन आला. मॅडमना चक्कर आलीय, तुम्ही या, एवढंच म्हणाले. तो रिक्षात बसला, आणि वाटेत दुसरा फोन आला की कॉलेजात नको, सरळ हॉस्पिटलात या. तेव्हाच तो काय ते समजला. वर्गात शिकवता शिकवता ती खुर्चीवर बसली होती आणि पुन्हा उठली नव्हती. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. संध्याकाळी माणसं जमली तेव्हा कुणीतरी तो मटार उचलून फ्रीजमध्ये ठेवला. पुढे बरेच दिवस तो तिथेच होता.

दिवसकार्य झालं, सांगलीहून आलेले नातेवाईक परतले, आणि मग सावनी आली. ही विनयाची जुनी विद्यार्थिनी. जयपुरातच वाढलेली, मराठी बोलताना अडखळणारी. आता ती कायद्याच्या एका नियतकालिकाचं संपादन करायची. विनयाचा लेख त्यांनी स्वीकारला होता. नवरा सोडून गेला तर त्याच्या नावावरच्या भाड्याच्या घरात बायकोला राहता येतं का, असा त्याचा विषय. फक्त तळटिपा पडताळायच्या राहिल्या होत्या. लेखात जिथे जिथे निवाड्याचा आधार दिलाय, तिथे मूळ पुस्तक उघडून पान आणि शब्द जुळतात का ते पाहायचं. हे काम लेखकानेच करायचं असतं.

"काका, मतलब, आम्ही करून घेऊ," सावनी म्हणाली. "पण तुम्हाला न विचारता नको वाटलं."

चंद्रकांत म्हणाला, मी करतो.

काम त्याला अगदीच नवं नव्हतं. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बसून तो झेरॉक्स वाचून दाखवायचा आणि विनया लॅपटॉपवर शब्द ताडून बघायची. "बारीक अक्षर तुम्ही जन्मभर गिऱ्हाइकांपासून लपवलंत," ती म्हणायची, "आता मला तरी नीट वाचून दाखवा." त्यावर तो म्हणायचा, आमचं बारीक अक्षर निदान एका जागी असतं, तुमच्यासारखं 'वरील टीप पाहा' म्हणत माणसाला वरखाली पळवत नाही.

चारदीवारीतल्या, म्हणजे तटाच्या आतल्या शहरातल्या, एका जुन्या ग्रंथालयात निवाड्यांचे ते सगळे खंड होते. चंद्रकांत रोज सकाळी जाऊ लागला. जुने खंड वरच्या मजल्यावर. ग्रंथपाल नंदकिशोरजी विनयाला ओळखायचे, त्यांनी खिडकीजवळची खुर्ची त्याला दिली. टिपा एकेक जुळत गेल्या. कुठे एका शब्दाचाही फरक नव्हता. टिपेपुढे केलेल्या प्रत्येक खुणेसरशी त्याला बरं वाटायचं, आणि लगेच वाईट वाटायचं.

मग तेविसावी टीप आली. ही विनयाची सगळ्यात आवडती. एका जुन्या निवाड्यात तिला एक वाक्य सापडलं होतं: जिथे बाई रोज स्वयंपाक करते ते घर तिचं नाही, असं कोणतं न्यायालय म्हणेल? ते सापडलं त्या दिवशी तिने शिरा केला होता. लेखातला एक मोठा परिच्छेद आणि अख्खा समारोप त्या वाक्यावर उभा होता. चंद्रकांतने खंड उघडला. पान बरोबर, शब्द बरोबर. त्याने खूण केली.

पुस्तक मिटताना त्याला आठवलं की विद्यार्थ्यांना ती नेहमी बजावायची, उतारा घ्याल तर मागचं एक पान वाचा. म्हणून त्याने पान उलटलं. तिथे ठळक अक्षरात मथळा होता: पत्नीच्या वकिलांचा युक्तिवाद. म्हणजे ते वाक्य न्यायालयाचं नव्हतंच. ते वकिलाचं होतं. न्यायालयाचा निकाल पुढे होता, आणि त्यात ते म्हणणं फेटाळलेलं होतं.

त्याने सावनीला बोलावलं. तिने वाचलं आणि खाली बसली. जुन्या खंडांत निकालाआधी वकिलांचं म्हणणंही छापलेलं असतं, पहिल्या वर्षाची मुलं ते निकाल समजून घेतात, आणि मॅम त्याचे मार्क कापायच्या, असं तिने सांगितलं.

"मॅमकडून हे कसं झालं?"

उत्तर नंदकिशोरजींकडे होतं. मॅडम दिवाळीपासून वर आल्याच नव्हत्या. खालच्या टेबलाशी बसायच्या आणि चिठ्ठीवर पानाचा आकडा लिहून द्यायच्या, तेवढ्याच पानाची झेरॉक्स नंदकिशोरजी खाली नेऊन द्यायचे. जिना चढताना त्यांना धाप लागायची. डॉक्टरला दाखवा, असं नंदकिशोरजींनी दोनदा सांगितलं होतं. लेख झाला की दाखवते, म्हणाल्या होत्या.

चंद्रकांतने खंड मिटून ठेवला. दिवाळीनंतर विनयाने संध्याकाळचं फिरणंही बंद केलं होतं. लेख आहे, असं सांगितलं होतं, आणि त्याने ते खरं मानलं होतं. त्या दिवशी उतरताना तो जिन्यात थांबला. जिना काही फार मोठा नव्हता.

घरी आल्यावर सावनी हळूच म्हणाली की ठेवलं तसंच तर कुणाला कळणार नाही, तो खंड आता कोण उघडतंय.

"हे विनयासमोर बोलली असतीस तर?"

"वर्गाबाहेर काढलं असतं त्यांनी," सावनी म्हणाली, आणि रडायला लागली.

परिच्छेद काढला. एक टीप गेली तसे पुढचे सगळे आकडे एकेक मागे सरले, आणि 'वरील टीप पाहा' असं जिथे जिथे होतं तिथे तिथे ते सुधारावं लागलं. त्याच टेबलावर चंद्रकांत वाचत गेला आणि सावनी सुधारत गेली. समारोपाला मात्र आता आधार उरला नव्हता. मी लिहून पाहू का, सावनीने विचारलं. चंद्रकांत नको म्हणाला. विनयाने दुसरं काय लिहिलं असतं ते त्या दोघांनाही ठाऊक नव्हतं.

लेख समारोपाशिवाय छापायचं ठरलं आहे. पहिल्या पानाच्या तळाशी, लेखिकेच्या नावापुढे चांदणी करून, लेखिकेचं निधन झालं आणि लेख अपुरा राहिला, एवढी टीप द्यायची आहे. ती चंद्रकांतने लिहायची आहे. सावनीचा दोनदा फोन येऊन गेला. टीप अजून लिहिलेली नाही.