माझ्या दोन बाजू

मी बॅकगॅमनचा, म्हणजे फासे टाकून सोंगट्या सरकवायच्या खेळाचा, पट बोलतोय. तुर्कस्तानातल्या आयवालिकच्या बंदरावर रुस्तेमच्या चहाच्या दुकानात माझी उभी हयात गेली. अक्रोडाचं लाकूड, कडेला शिंपल्यांची नक्षी. सुताराने मला पेटीसारखं मिटून, कान लावून आवाज ऐकला, मगच विकायला ठेवलं. एवढं कौतुक झाल्यावर थोडा ताठा येणारच.

रुस्तेम सहसा हरत नाही. फासे टाकण्याआधी मिशीला हात लावतो, समोरचा चिडला की त्याला चहा पाजतो.

पण माझी खरी मिजास त्याच्या लेकीमुळे आहे. नेरिमानला इस्पितळात परदेशी रुग्णांसाठी दुभाषी व्हायचं होतं. इंग्रजीच्या परीक्षेत ती एकदा नापास झाली. नाम कुठे लावायचं आणि विशेषण कुठे, इथेच गाडी अडायची. आमच्या तुर्कीत ‘रुग्ण’ आणि ‘आजारी’ यांना एकच शब्द चालतो. इंग्रजी असले लाड करत नाही.

रुस्तेमने गिऱ्हाइकांसमोर सांगून टाकलं, "पुन्हा नापास झालीस तर मुकाट्याने माझ्यासोबत चहा करायचा. पास झालीस तर मी हरलो." सगळे हसले. मला राग आला.

मग रोज सकाळी, दुकान उघडायच्या आधी, ती मला पसरायची. सोंगट्यांवर शब्दांच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या. माझ्या डाव्या बाजूला नामं, उजव्या बाजूला विशेषणं. "समुद्र कसा? डेंजरस. समुद्रात काय? डेंजर," असं पुटपुटत ती सोंगटी सरकवायची आणि चुकली की स्वतःलाच टपली मारायची. माझ्यावर सुलतान खेळला असता तरी मला एवढा अभिमान वाटला नसता.

निकालाच्या दुपारी दुकान भरलेलं होतं. नेरिमान दारातूनच म्हणाली, "बाबा, सोमवारपासून मी इस्पितळात. चहाचं तुमचं तुम्ही बघा."

आमच्याकडे हरलेल्याच्या काखेत पट देतात. म्हणजे जा, शिकून ये. रुस्तेमने कित्येकांना असं घरी धाडलंय. त्या दिवशी त्याने मला मिटलं, स्वतःच्याच काखेत धरलं आणि भर बाजारातून निघाला.

मासेवाल्याने टोमणा मारला, "काय रुस्तेमभाऊ, आज तुम्ही? कोणी हरवलं?"

"माझ्या पोरीने," तो म्हणाला, आणि जवळचा रस्ता सोडून लांबच्या रस्त्याला वळला.

तेव्हापासून मी त्याच्या घरीच आहे. मला परत दुकानात नेऊ नका. जिंकणाऱ्यांचे हात मी खूप पाहिले. हरलेल्या माणसाच्या काखेत इतक्या दिमाखात मिरवायला मात्र एकदाच मिळालं.