गच्चीवरचा गोठा

वहिनी शेणाची पाटी घेऊन गोठ्याबाहेर आली, तर दारातच रंगारी खड्डा खणत बसलेला.

"अरे, कुणाला पुरतोस?"

"फलक पुरतोय, वहिनी. तुमच्या दिरांनी इथंच लावायला सांगितलाय."

अनुदानातून काय उभं राहिलं, कुणाला किती मिळालं, हे येणाऱ्याजाणाऱ्याला वाचता यावं म्हणून जागेवरच फलक लावायचा, असा नियम निघाला होता. दिराला गोठ्यासाठी अनुदान मिळालं होतं आणि ते घरावरच्या नव्या गच्चीत मुरलं होतं. गच्चीवर म्हैस चढवता येईना, म्हणून फलक वहिनीच्या गोठ्यापुढे आला.

मागोमाग दीर आलाच. "फोटोपुरतं हो, वहिनी. तपासणीचे साहेब येतील, जातील. आपण काय परके आहोत का?"

"वाटणीच्या वेळी होतात की."

वहिनी बोलली खरी, पण तिची नजर गोठ्याच्या भिंतींकडे गेली. या भिंती तिनं आणि नवऱ्यानं हातानं थापल्या होत्या. नवरा गेला, भिंती राहिल्या. एकदा फोटो निघाला की सरकारदरबारी गोठा दिराचा होणार.

साहेबांना यायला धारेची वेळ झाली. त्यांनी दिराला फलकाशेजारी उभं केलं.

"साहेब," वहिनी गोड आवाजात म्हणाली, "मालक धार काढताना घ्या की फोटो. शोभून दिसेल."

साहेबांना ते पटलं. दिराला नाही म्हणता येईना. नवं धोतर सावरत तो म्हशीखाली बसला आणि त्यानं आचळाला हात घातला. म्हशीला वहिनीखेरीज कुणाचा हात चालत नसे. चरवी एकीकडे गेली, दीर शेणात.

"म्हैस तुमचीच ना?" साहेबांनी विचारलं.

"गोठा त्यांचाच आहे, साहेब," वहिनी म्हणाली. "म्हशीला तेवढं अजून कळवलेलं नाही."

साहेब हसले. मग हसायचे थांबले. "खरा गोठा कुठाय?"

दीर धोतर झटकत राहिला. रंगाऱ्यानं कुदळ उचलली. "सांगा मालक, कुठं खणू?"

दुसऱ्या दिवशी फलक दिराच्या अंगणाशेजारच्या मोकळ्या जागेत उभा राहिला. त्याच्यावर नाव, रक्कम, 'काम पूर्ण' असं सगळं ठळक होतं. मागे नुसतं गवत. जाणारायेणारा फलकापाशी, गोठ्याचं दार असल्यासारखा वाकून, डोकं सांभाळत पुढे जाऊ लागला.

वहिनीनं तर म्हैसच आणली.

"चौकट फार ठेंगणी केलीत हो, भावजी! हिची शिंगं अडतात!"

दीर गच्चीवरून खाली उतरला नाही. उतरला तो गोठ्यासाठी विटांची गाडी आल्यावरच.