दोन आहेत, साहेब

मित्रांनो, एक शब्द विचारायला माझ्याकडे या, मी तुमच्यापुढे वीस ठेवीन. त्यातला तुमच्या कामाचा कोणता, हे मात्र मला सांगता येत नाही. मी पर्यायी शब्दांचा एक जुना इंग्रजी कोश आहे. शांत बसणे माझ्या नशिबी नाही. पोटात शब्द सतत एकमेकांना कोपराने ढोसत असतात. माझ्या या खोडीपायी एका भल्या माणसावर देश सोडायची पाळी आली होती. ती गोष्ट सांगतो.

माझा जन्म लीड्सच्या एका छापखान्यात झाला. पाने दोऱ्याने शिवली, पाठीला सरस लावला, वर निळे कापड चढवले. विनिफ्रेड ओल्ड्रॉइड नावाच्या मुलीला कॉलेजात मी बक्षीस मिळालो. पुढे ती हल बंदरातल्या शाळेत शिक्षिका झाली. तीस वर्षे मी तिच्या टेबलावर होतो. निबंधाच्या तासाला मुले माझ्यावर तुटून पडत. काही जण शिव्या शोधत. त्याही मी देत असे. बाई निवृत्त झाल्या आणि चर्चच्या खोलीत दर मंगळवारी दुपारी परदेशी लोकांना इंग्रजी शिकवू लागल्या. मीही पिशवीत बसून जाऊ लागलो.

तिथे १९६१ च्या हिवाळ्यात बेल्मिरो आला. हा पोर्तुगालचा कोळी. थंड समुद्रात कॉड मासे पकडताना त्याचा पाय मोडला. जहाजाने त्याला हलच्या इस्पितळात सोडले आणि पुढची वाट धरली. पाय जुळला, पण बेल्मिरो परत गेला नाही. नोरा गारबट नावाच्या विधवेकडे तो भाड्याने राहिला. ती मासेमारीची जाळी विणायची. परसातल्या भिंतीला जाळे टांगून दिवसभर उभी असायची. संधिवाताने तिची बोटे वाकडी होत चालली होती. एके दिवशी बेल्मिरोने तिच्या हातातली सुई काढून घेतली आणि विणायला लागला.

शेजारणींना आयतीच करमणूक मिळाली. "काय गं नोरा, नवी सून कुठून आणलीस?"

"सुनेला मिशा आहेत," ती भिंतीवरून ओरडली, "पण तुमच्या सुनांपेक्षा गाठ घट्ट मारते!"

बेल्मिरोला राहण्याची परवानगी तीन-तीन महिन्यांनी वाढवून मिळत असे. एकदा सरकारी कागद आला. त्यात प्रश्न होता, 'या देशात तुमचे काही टाय आहेत का?' बाईंना त्रास नको म्हणून त्याने मला उसने नेले आणि एकट्यानेच शब्द शोधला.

माझ्यापाशी काय कमी होते! टाय म्हणजे गाठ. टाय म्हणजे बेडी. टाय म्हणजे बरोबरीत सुटलेला सामना. टाय म्हणजे नाते, ऋणानुबंध. आणि टाय म्हणजे गळ्यात बांधायची पट्टी. या शेवटच्या अर्थावर त्याचे बोट थांबले, कारण तेवढाच त्याच्या ओळखीचा होता. एक ओळ वर बघ रे, मी आतून ओरडत होतो. पण पुस्तकाला तोंड कुठे असते?

त्याने सुवाच्य अक्षरात लिहिले, 'दोन आहेत, साहेब. एक तपकिरी. दुसरा मिसेस गारबट यांच्या स्वर्गवासी नवऱ्याचा.'

साहेबाला वाटले, हा थट्टा करतो. उलट टपाली पत्र आले: पंधरा दिवसांनी समक्ष या. उत्तर पटले नाही तर देश सोडावा लागेल.

"अरे मेल्या, माझ्या नवऱ्याचा टाय सरकारला कशाला सांगायचा?" मिसेस गारबट कडाडली.

"त्यांनी विचारलं, मी सांगितलं."

"उद्या माझे परकर मोजायला येतील!"

ती हे बोलली खरी, पण त्या दिवशी तिने त्याच्या पावाला दोनदा लोणी लावले.

बाईंनी पंधरा दिवस त्याच्याकडून माझ्यातले भारदस्त शब्द घोकून घेतले. ठरल्या दिवशी सकाळी मिसेस गारबटसह तिघे कचेरीत गेले. मी बाईंच्या पिशवीत. साहेब तरुण होता आणि त्याला सणसणीत सर्दी झाली होती.

"इथं तुमचं कोण आहे?" त्याने विचारले.

बेल्मिरोचे सगळे पाठांतर उडाले. "अर्धं जाळं आहे," तो म्हणाला.

"काय?"

"परसात, साहेब. सकाळी ह्या विणतात. दुपारनंतर त्यांची बोटं मिटत नाहीत, मग मी विणतो. आता कुठली गाठ कोणाची, आम्हालाही कळत नाही."

"या तुमच्या नातेवाईक?"

"नाही."

"मैत्रीण?"

"छे! रोज शिव्या देतात."

"रविवारी देत नाही!" मिसेस गारबट मधेच म्हणाली.

"मग कोण?"

बेल्मिरोने पिशवीतून मला काढले. तो घाईघाईने पाने उलटू लागला. त्याच्या अंगठ्याचा घाम मला लागत होता. शेवटी त्याने मला मिटले. "यात नाही, साहेब."

मित्रांनो, ते मला फार लागले. हजारो शब्द बाळगायचे आणि गरजेला एकही निघू नये!

मिसेस गारबट उठली. तिने आपले वेडेवाकडे हात टेबलावर ठेवले. "काय लिहायचं ते लिहा. पण ह्याला घालवलंत, तर माझी सुई धरायला तुम्ही यायचं."

साहेबाने नाक शिंकरले आणि बराच वेळ काहीतरी लिहिले.

तीन आठवडे कोणालाच चैन नव्हते. मग पत्र आले, परवानगी एका वर्षाची. पुढे ती वाढत गेली. बाईंनी डोळे मिटण्याआधी मला बेल्मिरोच्या स्वाधीन केले. मिसेस गारबट आणखी नऊ वर्षे जगली. शेवटी तिला चमचाही धरवेना, तेव्हा बेल्मिरो भरवायचा आणि ती शिव्या घालत जेवायची. तिला पुरून आल्यावर त्याने मला उघडले. 'टाय'समोरच्या समासात त्याने पेन्सिलीने एक पर्याय लिहिला: 'नोरा गारबट'.

आता तोही नाही. त्याचे घर रिकामे झाले आणि मी जुन्या पुस्तकांच्या दुकानात आलो. इथला मालक स्वच्छतेचा भोक्ता आहे. पुस्तके कोरी दिसावीत म्हणून पेन्सिलीच्या खुणा तो खोडरबराने पुसून काढतो.

जुन्या पुस्तकाची धूळ जरूर झटका, मित्रांनो. सुटलेले पान चिकटवा. पण समासातले अक्षर पुसण्याआधी ते एकदा वाचा. काल मालक माझ्यातल्या 'एस' अक्षरापर्यंत आला होता. आज 'टी'ची पाळी. आता त्याने चहा संपवला आहे आणि मला पुढ्यात ओढले आहे. दुकान उघडे आहे. कोणीतरी आत या.