रेमंडचा डावा चॅनल

"अस्मिताचा हात गेला," असं रेमंड कुटिन्होने चर्चच्या पायरीवर उभं राहून चारचौघांत सांगितलं. मासे साफ करून होईपर्यंत ते माझ्या कानावर आलं. वाकोल्यात बातमीला पाय लागत नाहीत, ती उडतच येते. मी सुरी खाली ठेवली. बरं झालं ठेवली.

माझा हात! अहो, अठ्ठावीस वर्षं अंधेरीला सीप्झमधल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात सोल्डरिंगच्या लाइनवर बसलेय मी. बारीक काम आलं की सुपरवायझर साठ बायका सोडून एकच नाव घ्यायचा, वानखेडेबाईंना द्या. रिटायर झाल्यावर घराच्या पुढच्या खोलीत टेबल टाकलं, दारावर पाटी लावली, 'जुने रेडिओ, टेप, अॅम्प्लिफायर दुरुस्त करून मिळतील'. सात वर्षांत एक वस्तू तक्रार घेऊन परत आली नाही. आणि हा बाबा चर्चच्या पायरीवरून जाहिरात करतोय.

खरं सांगू? रागापेक्षा भीती जास्त वाटली. कारण वर्षभर मलाच शंका येत होती. सोल्डरचा टाका नक्की कुठे लागला ते कळायचं नाही, मग बोटाने चाचपून बघायची. रेझिस्टरवरचे तपकिरी पट्टे आणि लाल पट्टे एकच वाटायचे. मी ट्यूबलाइट बदलली, टेबल खिडकीशी नेलं, आणि कोणाला काही बोलले नाही. हे काम गेलं तर मी दिवसभर करणार काय? सिरियल बघणार? मी नाही त्यातली.

आता ज्यावरून हे सगळं झालं त्या रेमंडच्या रिसीव्हरबद्दल. रेमंड बहारीनला फिटर होता, तिथून १९७९ साली आणलेला जपानी माल. रेडिओ आणि अॅम्प्लिफायर एकाच पेटीत, रेकॉर्ड प्लेअर त्यालाच जोडायचा. चंदेरी तोंड, दोन्ही बाजूंना लाकूड, चालू केला की आकड्यांच्या मागे निळा उजेड. वजन चौदा किलो. रेमंडची तक्रार एकच, "डावी बाजू मेली गो. त्या रेकॉर्डवर डावीकडून गिटार यायची, ती येत नाय."

पहिल्यांदा मी व्हॉल्यूमचा कंट्रोल साफ केला. त्यात खरोखरच घाण होती. माझ्याकडच्या स्पीकरवर दोन्ही बाजू ठणठणीत वाजल्या, रेमंडने ऐकलं, खूश होऊन घेऊन गेला. दोन दिवसांनी परत. दुसऱ्यांदा कपॅसिटर बदलले. वाजला, गेला, परत आला. तिसऱ्यांदा मी एकेक टाका नव्याने मारला, चार दिवस मान मोडून. माझ्याकडे वाजला, त्याच्याकडे गेला आणि डावी बाजू पुन्हा मेली. मग ती चर्चची पायरी. वर आणखी हेही, की रविवारपर्यंत झालं नाही तर रिसीव्हर मेव्हण्याला देऊन टाकणार.

मेव्हणा म्हणजे ॲड्रियन, त्याच्या बायकोचा भाऊ, वांद्र्याला असतो. हॉटेलांच्या भिंती सजवायला जुन्या वस्तू पुरवतो. शिलाई मशीनची टेबलं करतो, रेडिओच्या पोटात बल्ब लावतो. या रिसीव्हरचं आतलं सगळं काढून वर मनी प्लांट ठेवणार होता म्हणे. ते ऐकल्यावर माझ्या डोक्यात तिडीकच गेली. चार दिवस मान मोडून मारलेले टाके कचऱ्यात, आणि वर झाड!

रविवारी चर्च सुटल्यावर मी मीटर आणि पक्कड पिशवीत घातली आणि गावठाणात रेमंडच्या घरी धडकले. दार त्याच्या बायकोने उघडलं. पर्पेच्युआ आणि मी एका वयाच्या, एका नळावर भांडून मैत्रिणी झालेल्या. ती मला बघून हसली, पण ते हसू नेहमीचं नव्हतं.

आत ॲड्रियन रिकामा खोका मांडून बसला होता. हातात चिकटपट्टी सुद्धा तयार.

"सोडा ना मॅडम," तो म्हणाला. "जुनी वस्तू, जुने हात. काय उगाच त्रास?"

"तुझा खोका जरा बाजूला घे," मी म्हटलं, "मला उभं राहायला जागा नाही."

त्याला फोन आला म्हणून तो गॅलरीत गेला, नाहीतर मी आणखी बोलले असते. मग रेमंडकडे वळले. "तू ऐकतोस कसं ते मला दाखव. अगदी रोजच्यासारखं."

रेमंड खुर्चीत बसला, रेकॉर्ड लावली, ड्रॉवर उघडला आणि हेडफोन काढला.

"हेडफोन?"

"मग? ही स्पीकर लावू देते काय? ख्रिसमसपासून बंदी हाय."

मी कपाळावर हात मारला. तीन वेळा पेटी उघडली, पण हा माणूस ऐकतो कशावर ते एकदाही विचारलं नाही! लाइनवर नवीन पोरगी असती तर मी तिला फाडून खाल्लं असतं. म्हणजे हेडफोनचीच डावी बाजू गेलेली. मिळाला चोर! मी तो हिसकावून माझ्या कानांना लावला.

दोन्ही बाजू झकास. एका कानात गिटार, दुसऱ्या कानात गाणारा. काही म्हणजे काही बिघाड नाही.

आता तपासायला उरलं तरी काय? हेडफोन काढला आणि परत रेमंडच्या डोक्यावर चढवला. घाईत चढवला, आणि खरं सांगते, जे झालं ते मी मुद्दाम केलं नव्हतं.

"आं?" रेमंड ताठ बसला. "गिटार आली! अस्मिता, गिटार आली! पण उजवीकडून आली. आणि गाणारा कुटं गेला?"

"डावीकडे काय ऐकू येतं?"

"डावीकडे नाय काय. डावीकडे मेलेलंच हाय."

मी हेडफोन उलटा घातला होता. डाव्याचा उजव्याला, उजव्याचा डाव्याला. बिघाड पेटीत किंवा हेडफोनमध्ये असता, तर मेलेली बाजू आता उजव्या कानावर यायला हवी होती. ती हललीच नाही. हेडफोनची बाजू बदलली, आवाज बदलला, तरी डावीकडे सामसूम. मग डावीकडे न बदललेली गोष्ट एकच उरली, आणि ती रेमंडच्या डोक्याला चिकटलेली होती.

खात्री करायला मी हेडफोन काढला, त्याच्या डाव्या बाजूला उभी राहिले आणि हळूच म्हटलं, "रेमंड, पर्पेच्युआचं सोरपोतेलचं मटण यंदा नुसतं खारट झालं होतं."

रेमंड निळ्या उजेडाकडे बघत बसला. स्वयंपाकघराच्या दारात पर्पेच्युआ मात्र डोळे वटारून उभी. मग तिच्या लक्षात आलं मी काय करतेय ते, आणि तिने तोंडावर बोट ठेवून मला आत ओढलं.

"तुला माहीत होतं?"

"लेंटच्या उपासांपासून," ती खुदखुदत म्हणाली. "मी त्याच्या डाव्या बाजूला बसते आणि मनातलं सगळं बोलून टाकते. पंचेचाळीस वर्षांचं साठलंय गो. काय हलकं वाटतं म्हणून सांगू!"

"आणि मी मेली तीन वेळा पेटी उघडत बसले ती?"

"ती पेटी तुज्याकडे असली की हा हेडफोन लावून वरच्या पट्टीत गात नाय, घर शांत असतं," ती म्हणाली, आणि जरा तरी लाजली. मग गंभीर झाली. "पण ॲड्रियनसमोर बोलू नको हां. तो वांद्रेभर वाजवील. रेमंड लग्नात क्लॅरिनेट वाजवतो. कान गेला म्हटल्यावर बँडवाले बोलावतील काय त्याला? तेवढंच तर हाय त्याच्याकडे."

मला चांगलंच कळलं ते. माझं नाव चर्चच्या पायरीवर घालवणाऱ्याची इज्जत आता माझ्या मुठीत होती. बाहेर जाऊन एक वाक्य बोलायचं, बस्स. जीभ नुसती शिवशिवत होती. पण हातातलं काम गेल्यावर काय होतं, ते वर्षभर मी रात्रंदिवस मनात घोळवत होते. माझ्याच्याने ते वाक्य बोलवलं नाही. मात्र फुकटात सोडायला मी काय संत आहे?

बाहेर येऊन मी जाहीर केलं, "फॉल्ट सापडला. डाव्या बाजूचा इनपुट ब्लॉक झालाय. माझं काम नाही ते, स्पेशालिस्ट लागेल. इथेच सिग्नलजवळ आहे, रविवारीही दुपारपर्यंत उघडं असतं. ॲड्रियन, तू बस, सोरपोतेल खा. रेमंड, उचल."

"मी?"

"मग मी? जुने हात ना माझे?"

रेमंडने चौदा किलो छातीशी धरले. गावठाणाची गल्ली, मग मेन रोड, मग सिग्नल. ओळखीचे लोक विचारत होते, काय रे, विकायला? तो घामाघूम. मी पुढे पिशवी हलवत. बिल्डिंगला लिफ्ट नाही हे मला माहीत होतं. दुसऱ्या मजल्यावर पोचल्यावर त्याने दारावरची पाटी वाचली. तेजल डॉक्टर, कान, नाक, घसा.

"अस्मिता," तो धापा टाकत म्हणाला, "हा कसला स्पेशालिस्ट?"

"डाव्या चॅनलचा. बस."

तो आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "म्हंजे पेटी चांगली हाय? मग चौदा किलो मी कशाला..."

"चर्चच्या पायरीवर काय बोलला होतास?"

त्यावर तो रिसीव्हर मांडीवर घेऊन बाकावर बसला. शेजारच्या बाईने विचारलं, हे मशीन पण तपासतात का इथे? मी म्हटलं, हो, दोघांना एकच आजार आहे.

तेजल डॉक्टरने दिव्याने कानात बघितलं आणि एकदम म्हणाली, "बापरे, काका!" मग पिचकारीने कोमट पाणी सोडलं. बाहेर जे आलं त्याचं वर्णन मी करणार नाही, पण सोबत कानकोरण्याचा कापसाचा बोळा निघाला. आख्खा.

"कान शाबूत आहे," डॉक्टर म्हणाली. "बोळ्यामुळे मळ घट्ट बसला होता. किती महिने झाले?"

"लेंटपासून," मी म्हटलं.

रेमंड डोकं वर करून बघत होता. "हा पंखा इतका आवाज करतो?" त्याने विचारलं, आणि डावा कान चाचपला. तो घाबरला होता हो इतके महिने. मशीन बिघडलंय असं म्हणत राहिला, कारण दुसरं म्हणायची हिंमत नव्हती. माझा राग तिथेच विरघळला. उतरताना पेटीची एक बाजू मी धरली.

घरी आल्यावर पेटी जागेवर ठेवली, वायरी जोडल्या, हेडफोन लावला. रेमंडने डोळे मिटले. मग डाव्या हाताची बोटं मांडीवर हलायला लागली, गिटारबरोबर. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि माझ्याही आलं, लपवत नाही मी. माझे सगळे टाके बरोबर होते. एकूण एक.

ॲड्रियनने खोक्याची घडी केली. "काय होतं मॅडम?"

"घाण," मी म्हटलं. "काढली."

रेमंडने हेडफोन गळ्यात घेतला. पर्पेच्युआ सवयीने त्याच्या डाव्या बाजूला येऊन पुटपुटली, "चला, ही चंदेरी सवत राहिली घरातच."

"ऐकलं हां मी," रेमंड म्हणाला. पर्पेच्युआने छातीवर क्रूस काढला.

निघताना मी रेमंडला अट घातली. मी कानाचं बोलणार नाही, त्याने पुढच्या रविवारी त्याच पायरीवर उभं राहून माझ्या हाताचं बोलायचं. तो लगेच कबूल झाला. मग हेडफोन हातात फिरवत म्हणाला, "पण हा उलटा लावायचं तुला सुचलं कसं गो?"

"टेक्निक असते ती," मी म्हटलं. "अठ्ठावीस वर्षं काय गवत उपटलं?"

"असं? मग ही बाजू कुटची, वाच जरा." त्याने एक बाजू माझ्यासमोर धरली.

काळ्यावर काळं अक्षर असणार. मी ऐटीत म्हटलं, "आर. स्पष्ट लिहिलंय की."

"अक्षर पुसून धा वर्षं झाली," रेमंड म्हणाला. "पर्पेच्युआच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका हाय. मसूरडाळीएवढा."

मी पिशवी उचलून घरी आले.

पुढच्या रविवारी त्याने शब्द पाळला. चर्चच्या पायरीवर माझा हात सोन्याचा झाला, आणि ते जेवायच्या आधी माझ्यापर्यंत पोचलं. सोमवारी सकाळी दार वाजलं. बघते तर रेमंड उंबऱ्याशी उभा, चर्चला जाताना घालतो तो शर्ट घालून, आणि पायाशी तो रिसीव्हर.

"आता काय बिघडलं?" मी ओरडले.

"ह्यात काय नाय. स्पेशालिस्टकडे जायचंय. डोळ्यांच्या. मी नंबर लावून आलो तुज्या नावाने." त्याने माझ्या टेबलाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तिसरा मजला हाय. लिफ्ट नाय. उचल."

मी त्याला तोंडाला येईल ते बोलले, दोन्ही कानांना ऐकू जाईल असं. मग चप्पल घातली आणि उचलला.