भिंतीवरचा दुसरा बोंबील

मी मांजर बोलतेय. म्हातारी, फाटक्या कानाची, चोरटी. माज्या एका तरी शब्दावर विश्वास ठेवून दाखव रं. शाळेत मी पन गेलते, पन दुसऱ्या बाकापर्यंतच. तिथं कुनाचा तरी डबा उघडा व्हता.

शिळफाट्याच्या मागं दोन घरं, मधी एक भिंत. एका घरात मी मनी, दुसऱ्यात शब्बो. मनी म्हननारी सुचेताबाई, शाळेतली बाई, तिच्या घरात अंडंसुद्धा येत नाय. शब्बो म्हननारी तय्यबा, तिच्या तव्यावर कायम सुके बोंबील. नवरे बाहेर गेले की सुचेताबाई मागल्या दारानं तय्यबाकडं.

"खा गं, तुजा देव काय माज्या तव्यात वाकून बघत नाय."

"देवाचं सोड. ह्यांना वास येईल."

"मांजरीवर ढकल."

आन ढकलायची की. तिच्या नवऱ्यानं, हेमचंद्रानं, नाक वाकडं केलं की झाडू मला. मार मी गप खाल्ला. बोंबील मला पन मिळायचा ना.

मग सुचेताबाईचा अनुपम आन तय्यबाची अल्मास, दोघांनी कोर्टात लगीन केलं, पुण्याला निघून गेली. दोनी घरं म्हनाली, तुमच्यापायी आमचं पोर गेलं. भिंत उंच झाली, वर काचा बसल्या. बायकांनी पन बोलनं टाकलं. राग त्यांना पन व्हता, खोटं कशाला सांगू.

पन कोपऱ्यात काच नव्हती. बाजाराच्या दिवशी तय्यबा तिथं दोन बोंबील ठेवून मोठ्यानं हाक मारायची, "शब्बो, ये गं." एक माजा. दुसरा पलीकडून पदराखाली जायचा. तय्यबा दाराआडून बघायची, बोलायची नाय. सुचेताबाई पन वर बघायची नाय. एकीनं तरी तोंड उघडावं म्हनून मी तिथंच पाय चाटत बसायची.

तय्यबाचा नवरा मागल्या साली वारला, यंदा सुचेताबाईनं अंथरून धरलं. दुसरा बोंबील तसाच राहिला. तय्यबा भिंतीपर्यंत आली, माघारी गेली. मग मीच तो तोंडात धरून खिडकीतनं सुचेताबाईच्या उशाशी टाकला. हेमचंद्र झाडू घेऊन धावला.

"राहू द्या हो, मांजरच ती." बोंबील तिनं मुठीत धरला. "तय्यबाला बोलवता का?"

तो मुठीकडं बघत राहिला. सगळं कळलं त्याला. "उद्या बोलवतो," म्हनला.

उद्या उजाडला तवा अंगनात तिरडी बांधायला मानसं जमली. तय्यबा भिंतीपल्याड उभी व्हती. तिला आत ये कोन म्हननार?

अजून ती दोनच ठेवते. परवा हेमचंद्र कोपऱ्याशी आला, बोंबलाकडं हात वर नेला, तसाच खाली घेतला. दुसऱ्याला मी शिवत नाय. कावळा आला तर गुरगुरते. भूक नाय असं नाय रं. तो माज्या वाटचा नाय.

काय बघतोस? पुण्यात त्या दोघांना भेटलास तर सांग, दोनी घरी एकेकच मानूस जेवायला बसतं.

तय्यबाची हाक आली बघ. जा आता.