एकटीनं उचलायचा पाटा

आईच्या तेराव्याची पंगत उठल्यावर माझा धाकटा भाऊ अल्पेश म्हणाला, "दसऱ्याला वॉशिंग मशीन येतंय. आईचा पाटा त्याच्याखाली सरकवू. हलायचं नाही मग."

"पाटा मी नेणार," मी म्हटलं.

"ने. पण हमाल नको, भावोजी नकोत. दर दिवाळीला रंगरंगोटीच्या वेळी आई एकटी उचलायची. तूही एकटीनं उचल."

भावजय निधीनं लगेच भंगारवाल्याचा काटा मागवला. अडतीस किलो. मी आयुष्यात उचललेली सर्वांत जड वस्तू म्हणजे शब्दकोश.

दुसऱ्या दिवशी वालीव नाक्यावरच्या जिममध्ये नाव घातलं. शिकवणारी तेजस्वी माझ्याहून दहा वर्षांनी लहान. पहिले दोन आठवडे तिनं नुसता रिकामा बार उचलायला लावला. रिकामा म्हणायचा, पण तोच वीस किलोचा.

"कुणाच्या पाया पडताय, ताई? कंबर मागे, पाठ सरळ. बार नडगीला घासत वर आणा."

मोजायची ती मराठीत आणि मोठ्यानं. पाचव्या आठवड्यात तिला चेव चढला. "आठवा. नववा. दहावा झाला, ताई, तोंड पाडू नका. बारावा आला बघा. आता तेरावाही उरकून टाकू."

मी बार खाली ठेवला आणि हसायला लागले. आई गेल्यापासून पहिल्यांदाच, त्यामुळे ते थांबेना. तेजस्वीला वाटलं, चक्कर आली. तिनं लिंबूपाणी पाजलं आणि त्यानंतर पाचाच्या पुढे कधी मोजलं नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी गोखिवऱ्याला माहेरी गेले. रिक्षा फाटकाशी थांबवली. पाटा मागच्या अंगणात भिंतीला टेकून उभा होता. अल्पेश चहा घेऊन खुर्चीत बसला, निधीनं मोबाइल धरला. मी वाकले, दम धरला. पाटा वर आला.

"आता चल," अल्पेश म्हणाला.

चालायचं मला शिकवलंच नव्हतं. उचलायचं आणि तिथंच ठेवायचं, एवढंच येत होतं. मी पाटा वीतभर पुढे ठेवला. पुन्हा उचलला. पुन्हा ठेवला.

"हे काय चाललंय?"

"व्यायाम."

"अशानं शिमग्याला पोचशील."

सतराव्या खेपेला विहिरीपाशी आले. रिक्षावाला इंजिन बंद करून बघायला आत आला होता. अल्पेशनं कप खाली ठेवला.

"ताई, ऐक. आई एकटी उचलायची नाही."

"मग?"

"एक टोक मी धरायचो. चौथीत होतो तेव्हापासून."

"नऊ आठवडे झाले, अल्पेश."

"मला वाटलं, तुला जमणार नाही. मग पाटा इथंच राहील." त्यानं पायजम्याला हात पुसले. "मशीनखाली वीटसुद्धा चालते."

 मी पाटा हळूच आडवा केला.

तो वळसा घालून डावीकडे गेला आणि उकिडवा बसला.

"ही बाजू माझी," तो म्हणाला.