खांदमळणीला न्हालेली जीप

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे. जन्म कारखान्यातला, तरुणपण कोकण किनाऱ्यावरचे आणि म्हातारपण लातूर जिल्ह्यातले. समुद्र पाहिलेले वाहन औशाच्या बाजूला माझ्याशिवाय दुसरे नसावे. मी ते कधी बोलून दाखवले नाही. माझ्या पत्र्यानेच दाखवले.

किनाऱ्यावर मी मासळी खात्याच्या साहेबांना घेऊन ओल्या वाळूवरून धावत असे. फेरी संपली की गाडी खालून गोड्या पाण्याने धुवावी, असा नियम शेडच्या भिंतीवर रंगवलेला होता. मला रोज त्याच्यासमोरच उभी करत. धूत मात्र नसत. खारा वारा माझ्या सांध्यासांध्यांत मुक्कामाला राहिला.

पुढे लातूर वेगळा जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याला सगळेच नवे हवे होते, म्हणून इतरांनी आपापले जुने पाठवले. त्यात मी आले. मला हिरवा रंग मिळाला, दारावर नव्या जिल्ह्याचे नाव आले. त्याच सुमारास पावसाने पाठ फिरवली. मग माझ्यामागे पाण्याची टाकी जोडली आणि माळावरच्या एका वाडीला पाणी पोचवण्याचे काम मला मिळाले. मोठा टँकर त्या रस्त्याला अर्ध्यातूनच परत फिरे. मी पोचले तरच वाडीत चूल पेटे. इतका मान मला आयुष्यात कुणी दिला नव्हता.

माझे ड्रायव्हर ग्यानोबा मला फार जपत. पिण्याच्या पाण्याचा थेंबही ते माझ्यावर उडवत नसत. कचेरीतल्या बोअरचे पाणी खारट, कुणी तोंडात धरत नसे. त्या पाण्याने ते मला रोज मायेने धुवत. सोडून आलेला समुद्र मला असा बादलीतून भेटू लागला.

श्रावणात विरूपाक्ष नावाचे इंजिनिअर तपासणीला आले. त्यांनी खाली वाकून पेचकस टोचला. हिरव्या रंगातून तांबडा भुगा गळला.

"आत मीठ आहे, ग्यानोबा," ते म्हणाले. "सांगाडा अजून धरून आहे. गोड्या पाण्यानं मीठ काढा, तेल द्या. पोळा झाला की येतो. तेव्हा पेचकस आरपार गेला, तर गाडी लिलावात."

दुसरी कधी मिळेल, असे ग्यानोबांनी विचारले. साहेबांनी आभाळाकडे पाहिले. पावसासाठी लोकही तिकडेच पाहत होते.

ग्यानोबांनी वाडीत हे सांगितले, तो खांदमळणीचा दिवस होता. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांना धुऊन त्यांचे खांदे तेलहळदीने मळतात. ओढा कोरडा, म्हणून यंदा बैलाला एकच हंडा, असे ठरले होते. आता जीपलाही पाणी, म्हटल्यावर जो तो आपली घागर जवळ ओढू लागला.

माझी टाकी आधी पारापाशी थांबे आणि शेवटी बुद्धवस्तीत. तिथवर पाणी तळाला गेलेले असे. पहिला हंडा तिथूनच आला, पंचफुलाबाईंच्या डोक्यावरून.

"बैलाला पाणी देता, मग हिला का न्हाई?" त्या म्हणाल्या. "आणती कोण मग?"

"बाई, धुतलेलं पाणी खारं व्हतंय. शेळीबी पिणार न्हाई," ग्यानोबा चाचरत म्हणाले.

"शेळीला इचारून देती का मी?"

मग पारावरच्या घागरी हलल्या. मीठ निघाले, तारेच्या ब्रशाने गंज निघाला. मी उन्हात वाळल्यावर पाराजवळच्या विठाबाईंनी बैलांसाठी राखलेले जवसाचे तेल आणले आणि चाकाच्या आत हात घातला. ग्यानोबा आडवे आले.

"मामी, ब्रेकला नको. बैल हो म्हणलं की थांबतो. ही थांबायची न्हाई."

पोळ्याला बैल न्हालेले, मी न्हालेली. माणसे तेवढी पारोशी.

साहेब आले. पेचकस टोचला, तो अडला. जोर लावला, तरी अडला. काय केले, असे त्यांनी विचारले.

"खांदमळणी, साहेब," ग्यानोबा म्हणाले.

साहेबांनी पेचकस पुसून खिशात ठेवला आणि मला कामावर ठेवले. दुसऱ्या दिवशी ग्यानोबांनी टाकी आधी बुद्धवस्तीत नेली, मग पारापाशी. रस्ता पहिल्यापासून दोन्हीकडून जात होता.

आता मी शाळेमागे उभी असते. टाकी नाही, काम नाही. तरी दर खांदमळणीला कुणीतरी तेलाचे बोट लावून जाते. मित्रांनो, गाडीला वरून रंग कुणीही देतो. तुम्ही वाकून एकदा खालून पाहत जा. आणि टंचाईत कुणी तुमच्यावर गोडे पाणी ओतले, तर ते कुठल्या वस्तीतून आले, तेवढे विसरू नका. मी तर गाडी असून विसरले नाही.